तोडलेल्या बाभळीवर छत्र्या आल्या म्हणून ओंडके जाळू नका

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मोहोळकडच्या एका शेतकरी दादांनी बांधावरच्या वाळलेल्या बाभळी तोडून ओंडके तिथंच टाकले होते, मृगाचा पाऊस झाला आणि त्यावर पांढऱ्या-करड्या पंख्यासारख्या छत्र्या फुटल्या. शेजारी डाळिंबाची बाग आहे. घरचे म्हणतायत जाळून टाक, नाहीतर बुरशी बागेत शिरेल. दादांना विचारायचंय की ही बुरशी लाकूड खाते कशी, ती डाळिंबाला लागते का आणि छाटणीच्या काड्यांचं काय करावं. सोबत गावातल्या जुन्या माळवदाच्या घरातल्या तुळईचाही फोटो पाठवलाय.

दादा, ओंडके जाळू नका. मी बरीच वर्षं जिल्ह्यात झाडांच्या बुरशीजन्य रोगांवर काम करतोय आणि दरवर्षी बांधावर असले ढीग पेटलेले बघितले की जीव तुटतो, कारण आपल्या जमिनीला जे सगळ्यात कमी पडतंय तेच आपण धूर करून घालवतो. पण सगळं लाकूड राखायचं असंही नाही, काही लाकूड बागेतून बाहेर काढून जाळलंच पाहिजे. कुठलं कुठं, हे ओळखायला आलं की निम्मं काम झालं.

फोटोत दिसतेय ती शिझोफिलम कम्यून नावाची बुरशी. नखाएवढ्यापासून ते दोन बोटं रुंद, वरून लव असलेलं, देठ जवळजवळ नाहीच. एक छत्री तोडून उलटी करा आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, खाली पंख्यासारख्या घड्या दिसतील आणि प्रत्येक घडी कडेला उभी मधोमध चिरलेली असेल. ऊन पडून वाळायला लागलं की त्या चिरलेल्या फाका बाजूला वळतात आणि बीजाणू तयार होणारा भाग झाकून घेतात, पाऊस आला की काही तासांत परत उलगडतात आणि बीजाणू सोडायला सुरुवात. महिनोन्महिने कोरडं पडून राहायचं आणि चार सरी आल्या की जागं व्हायचं, सोलापूरच्या हवेला याच्याइतकी फिट बसणारी बुरशी शोधून सापडणार नाही. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर ती सापडते. आपल्याकडं चिंचेवर, आंब्याच्या मेलेल्या फांदीवर, वखारीतल्या जळणावर पण बघा, दिसेल.

आता एक लक्षात घ्या, छत्री म्हणजे बुरशी नव्हे, ते तिचं फळ. खरी बुरशी आत लाकडात पसरलेली असते, २ ते १० मायक्रॉन जाडीचे धागे, डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. लाकडात पाणी वाहायच्या ज्या नळ्या असतात त्यातून हे धागे पुढं सरकतात, पेशींच्या भिंतींना भोकं पाडतात, एका पेशीतून दुसरीत जातात. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपला पाचक रस धाग्याच्या टोकाशी बाहेर सोडते, लाकूड बाहेरच पचवते आणि तयार झालेली साखर शोषून घेते.

पण लाकूड पचवणं सोपं काम नाही, आणि सगळी गंमत इथंच आहे. सुक्या लाकडात साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज असतं, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि तेवढंच, म्हणजे २० ते ३० टक्के, लिग्निन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. आपल्या टॉवेल-चादरीचा कापूस बघा, तो जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच असतो. तो मऊ आहे आणि लाकूड कडक आहे, फरक लिग्निनचा. ताण्याच्या सुताला खळ देऊन ताठ करतात तसं झाड सेल्युलोजच्या तंतूंना लिग्निन पाजून ताठ करतं, फक्त खळ स्टार्चची असते, तिची साखळी एकसारखी, म्हणून प्रोसेस हाऊसमधे एन्झाइम टाकलं की ती सुटते. लिग्निनचं तसं नाही. त्याचे तुकडे एकमेकांना कसेही, कुठल्याही बाजूनं, वेगवेगळ्या बंधांनी जोडलेले असतात. एन्झाइम हे ठराविक जागी धरून ठराविक बंध तोडणारं असतं, इथं धरायला ठराविक जागाच नाही. शिवाय एन्झाइमचा रेणू आकारानं मोठा, ताज्या लाकडाच्या भिंतीतल्या छिद्रांमधून तो आत जातच नाही.

मग बुरशीनं दोन रस्ते काढले.

पहिला रस्ता पांढऱ्या कुजेचा. यातल्या बुरशा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेरॉक्सिडेज नावाची एन्झाइम्स सोडतात, ती लिग्निनला थेट पकडून कापत बसत नाहीत तर त्यातून इलेक्ट्रॉन काढून घेतात, मग लिग्निनचा रेणू अस्थिर होऊन आपला आपणच फुटत जातो. कुठला बंध कुठं आहे याच्याशी देणंघेणं नाही. यातलं लिग्निन पेरॉक्सिडेज १९८३ मध्ये फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीत सापडलं, आणि ही बुरशी आपल्यासारख्यांसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे कारण तिला साधारण ४० अंश तापमान आवडतं. आपल्या मे महिन्यात बाकीच्या बुरशा गप पडतात तेव्हा तापमान तरी हिच्या आड येत नाही, पण ओल नसते, म्हणून तीही थांबते. पांढरी कुज झालेलं लाकूड हातात घ्या, पांढुरकं, हलकं, धाग्याधाग्यानं सुटणारं, ओलं असेल तर स्पंजासारखं दबतं. लिग्निन गेलं, सेल्युलोजचे तंतू मागं राहिले म्हणून पांढरं. धिंगरी अळंबी याच गटातली, म्हणून तर ती गव्हाच्या काडावर आणि सोयाबीनच्या भुसकटावर येते. रस्त्याकडेच्या गुलमोहराच्या बुंध्याशी चकचकीत तपकिरी, लाकडासारखं टणक जे कुत्र्याच्या छत्रीसारखं येतं, गॅनोडर्मा, ती पण याच गटातली, आणि ती दिसली की ते झाड वादळात पडायच्या आधी पालिकेला कळवा, वरून हिरवंगार दिसत असलं तरी बुंधा आतून गेलेला असतो. तुमचं शिझोफिलम यांच्याच नात्यातलं पण लिग्निन फोडायची ही जोरदार एन्झाइम्स त्याच्याकडं नाहीत, त्यामुळं ते ओंडक्यात सुरुवातीला येऊन बसतं, जमेल तेवढं खातं, खरं मोठं काम नंतर येणाऱ्या बुरशा करतात.

दुसरा रस्ता तपकिरी कुजेचा. या बुरशा लिग्निन खायच्या भानगडीत पडत नाहीत. त्या लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची गाठ घालून देतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय छोटा आणि अतिशय आक्रमक कण तयार होतो, जिथं एन्झाइम शिरू शकत नाही तिथं हा शिरतो आणि सेल्युलोजच्या साखळ्या मधेच तोडून टाकतो. मग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज खाल्लं जातं, लिग्निन थोडं बदलून तिथंच राहतं. म्हणून ते लाकूड तपकिरी दिसतं, आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे होतात आणि बोटात चुरलं तर भुकटी होते.

लिग्निनबद्दल अजून एक, बुरशीला त्यातून पोट भरण्यासारखं फारसं काही मिळत नाही. ती ते फोडते ते आतली साखर हाती लागावी म्हणून. आणि साखर मिळाली तरी दुसरी अडचण उभीच, नत्र म्हणजे नायट्रोजन. चांगल्या कंपोस्टला कर्ब-नत्राचं गुणोत्तर २५ ते ३० ला १ लागतं, लाकडात ते ३०० ला १, कधी ५०० ला १ च्या पण पुढं. म्हणजे पीठ भरपूर आणि डाळ नाहीच. त्यामुळं बुरशी नत्र मिळेल तिथून ओढते, जुन्या धाग्यांतला नत्र काढून नव्या टोकाला पाठवते, मातीतून वर ओढून घेते, आणि धिंगरी तर सूत्रकृमींना, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कृमींना, आपल्या धाग्यावरच्या विषाच्या थेंबानं लुळं करून त्यांच्या अंगात शिरून त्यांना खाते, हे १९८४ पासून माहीत आहे. (लगेच बागेतल्या सूत्रकृमीला धिंगरीचा इलाज करायला निघू नका, लाकडावर घडतं ते मुळाशी घडेलच असं नाही.) हे नत्राचं गणित डोक्यात ठेवा, काड्यांच्या मुद्द्याला लागणार आहे.

आता हे सगळं महत्त्वाचं का. झाडानं हवेतला कार्बन लाकडात बांधून ठेवला, तो सोडवणारं कोणी नसतं तर जंगलं आपल्याच मेलेल्या खोडांखाली गाडली गेली असती आणि त्यात अडकलेलं अन्न परत कुठल्या झाडाला मिळालं नसतं. जिवाणू थोडंफार करतात, वाळवी करते, पण लिग्निन पुरतं फोडण्यात पांढऱ्या कुजेच्या बुरशांच्या तोडीचं कोणी नाही. २०१२ मध्ये ३१ बुरशांचे जीनोम ताडून बघितले तेव्हा असा अंदाज निघाला की लिग्निन फोडणारी ही एन्झाइम्स साधारण २९ कोटी वर्षांपूर्वी आली, म्हणजे जगातला बराचसा दगडी कोळसा साठला तो काळ संपत आला तेव्हा. त्यावरून गोष्ट अशी पसरली की बुरशीला लाकूड खाता येत नव्हतं म्हणून कोळसा साठला, आणि बुरशी शिकली तसा कोळसा थांबला. ऐकायला फार छान आहे, फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाकडं बघून कुणालाही सांगावीशी वाटेल. पण २०१६ मध्ये भूगर्भाच्या पुराव्यांवर ती तपासली गेली आणि तिला जोरदार आक्षेप घेतला गेला, कारण कोळसा नंतरही साठत राहिलाय आणि त्या काळच्या कोळशातल्या बऱ्याच वनस्पतींमध्ये लिग्निन फार नव्हतंच, दलदल आणि खचणारी जमीन हे कारण जास्त पटतं. मला दुसरी बाजू पटते. पाण्याखाली ऑक्सिजन नसेल तर आजची बुरशीही लाकूड कुजवू शकत नाही, जुन्या विहिरीत पाण्याखाली राहिलेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं ते याच कारणानं.

आपल्यापुरतं महत्त्व याहून जवळचं आहे. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास नाहीतर खालीच, पाऊस ५५० मिलिमीटरच्या आगेमागे, ऊन असं की वरवर टाकलेलं शेणखत दोन हंगामांत कुठं गेलं कळत नाही. अशा जमिनीत पालापाचोळा पटकन जिरतो आणि पटकन संपतो, लाकूड सावकाश जिरतं आणि त्यातला अर्धवट फुटलेला लिग्निनचा भाग, बुरशीच्या मेलेल्या धाग्यांसकट, मातीच्या कणांना धरून जास्त काळ राहतो. तो पाणी धरून ठेवतो. जाळलं तर कर्ब गेला, नत्र गेला, उरली राख, आणि राख अल्कधर्मी, आपली जमीन आधीच चुनखडीची आणि चढ्या सामूची (पीएचची), तिला त्याची गरज नाही.

बागेचा प्रश्न. ओंडक्यावरची बुरशी मेलेल्या लाकडावर जगणारी आहे, तिथून चालत येऊन निरोगी डाळिंब मारत नाही. तिचे बीजाणू तसेही हवेत सगळीकडं असतात, एक ओंडका जाळून काही फरक पडत नाही. एकच वाट तिला मिळते, उन्हानं भाजून साल फाटलेलं खोड किंवा छाटणीची मोठी उघडी जखम. म्हणून मोठ्या कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि पश्चिमेचं ऊन थेट खोडावर येत असेल तर खोडाला पण लावा.

डाळिंबाला मारणारी बुरशी वेगळी. सेराटोसिस्टिस, आपण जिला मर म्हणतो. ती लाकूड कुजवत नाही, जिवंत झाडाच्या पाणी वाहणाऱ्या भागात शिरते आणि तो बंद पाडते, आधी एक फांदी पिवळी पडते, मग दुसरी, मग पूर्ण झाड उभ्या उभ्या वाळतं. खोड आडवं कापून बघा, कडक, घट्ट लाकूड असतं, पण त्यात करडे-काळपट डाग मधून बाहेर पसरलेले दिसतात. कुजलेलं लाकूड मऊ आणि हलकं लागतं, मरचं लाकूड डागाळलेलं पण टणक, कुऱ्हाडीला कळतं. हे लाकूड, मुळांसकट, बागेबाहेर नेऊन जाळायचंच, कंपोस्टात नाही, बांधावर नाही, शेजाऱ्याला जळणाला पण नाही. आणि ते कापलेली करवत-कात्री निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायची नाही. पिन होल बोररनं टाचणीएवढी भोकं पाडलेलं खोड असेल तरी तेच करायचं, तो भुंगेरा लाकूड खात नाही, आत बोगदे करून त्यात स्वतःची बुरशी लावतो आणि ती खातो, आणि मरच्या बुरशीचा प्रसारही करतो. तेल्या (जिवाणूंचा तेलकट डागांचा रोग) असलेल्या फांद्या पण बाहेर. शंका असेल तर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात खोडाचा तुकडा घेऊन जा, तिथं बघून सांगतील.

निरोगी झाडांच्या छाटणीच्या काड्या मात्र ठेवा. श्रेडर भाड्यानं मिळत असेल तर बारीक करून घ्या, बुरशीला आत शिरायला जितकी जास्त कापलेली तोंडं तितकं बरं. बारीक केलेला चुरा मातीवर पसरा, मातीत मिसळू नका. नत्राचं गणित सांगितलं ते इथं, कच्चा लाकूडचुरा नांगरून मातीत घातला की बुरशी आणि जिवाणू आजूबाजूचा नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं, मग लोक म्हणतात काड्यांनी जमीन खराब केली. वर पसरला तर हा ओढा वरच्या पातळ थरापुरताच राहतो. खोडाला चिकटवून ढीग लावू नका, हातभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही खोडाशी येतील.

युरियाचं विचारतील म्हणून सांगतो. उसाच्या पाचटाला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं कल्चर ही शिफारस आहे आणि पाचटाला ती चालते. तुराट्या, द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या काड्या यांच्यात लिग्निन जास्त, तिथं युरिया वाढवत गेल्यानं काम वाढत जात नाही. सुरुवातीला साखरेचा भाग पटकन जातो हे खरं, पण फॅनेरोकीटीसारख्या बुरशीचं लिग्निन फोडायचं काम सुरू होतं तेच मुळी नत्र संपत आल्यावर, नत्र भरपूर असेल तर ती त्याच्या वाटेला जात नाही. तेव्हा हलका डोस एकदा आणि पुढं ओल आणि वेळ, बस. दुकानातला ट्रायकोडर्मा टाकून ओंडका कुजेल अशीही अपेक्षा ठेवू नका. ट्रायकोडर्माच्या काही जाती सेल्युलोजच्या राजा आहेत, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू खाणारी ट्रायकोडर्मा रीसी तिथूनच सापडली आणि तिच्या वंशातून आज कारखान्यांसाठी सेल्युलेज बनतं, टॉवेलच्या कापडावरची बारीक लव काढायला वापरतात तेच. पण लिग्निन तिला जमत नाही. मातीतल्या रोगांसाठी ट्रायकोडर्मा वापरा, तिथं ती कामाची आहे.

ओंडक्यांना फक्त ओल धरून ठेवायला मदत करा. लाकडातली ओल साधारण ३० टक्क्यांच्या वर असली की कूज जोरात चालते, २० च्या खाली बंद. उन्हात बांधावर पडलेला ओंडका दिवाळीनंतर कोरडा पडतो आणि वर्षातले आठ महिने काहीच होत नाही. झाडाच्या सावलीत, उताराच्या बाजूला आडव्या उथळ चरात निम्मा गाडून ठेवा, पावसाचं पाणी तिथं थांबेल. वाळवी येईल, येऊ द्या, बागेपासून आणि घरापासून लांब असेल तर ती मदतच करते. आपल्याकडची वारूळवाली वाळवी लाकूड नेऊन वारुळात टर्मिटोमायसेस नावाची बुरशी वाढवते आणि पचवायचं बरंचसं काम तिच्याकडून करून घेते. पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी येतात ती तिचीच. (ओळख पक्की नसेल तर कुठलीच रानातली छत्री खाऊ नका, हे दरवर्षी सांगावं लागतं.)

राहिली तुळई. फोटोत भिंतीत गेलेल्या टोकाला चौकोनी भेगा आणि तपकिरी रंग दिसतोय, वाळवीचे मातीचे बोगदे दिसत नाहीत, पिठासारखा भुसा पण नाही म्हणजे घुणही नाही. तपकिरी कूज आहे. नेटवर ‘ड्राय रॉट’ म्हणून जी बुरशी दाखवतात ती सर्पुला, थंड हवेतली, आपल्या उन्हाळ्यात ती तग धरत नाही, त्यामुळं त्या नावानं कोणी महागडं केमिकल विकायला आलं तर घेऊ नका. तुमच्याकडं माळवद त्या कोपऱ्यात गळतंय, पाणी तुळईच्या टोकात मुरतंय आणि भिंतीत हवा लागत नाही. आधी गळती बंद करा, पांढऱ्या मातीचा थर नीट चोपून घ्या, तुळईच्या टोकाभोवतीची माती खरवडून हवा खेळू द्या. लाकूड २० टक्क्यांच्या खाली वाळलं की बुरशी थांबते, सोलापुरात त्याला एक उन्हाळा पुरतो.

पण थांबली म्हणजे तुळई सुधारली असं नाही. तपकिरी कुजेत वजन १० टक्के घटायच्या आत लाकडाची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असू शकते, वरून रंग मारला की कळत पण नाही. सुताराला बोलावून टोकापासून हात-दीड हात आतपर्यंत पटाशी टोचून बघायला सांगा, खुटकन कडक लागली तर ठीक, चुरा होऊन आत शिरली तर तिथपर्यंतचं लाकूड गेलं समजा. साग असेल तर त्याचा आतला गाभा टिकून असायची शक्यता बरीच, बाहेरचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी कुजतं. तोपर्यंत त्या टोकाखाली एक लोखंडी टेकू द्या आणि या पावसाळ्यात त्या खोलीत कोणी झोपू नका.